मोठ्यानं बोलायची जागा

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत दुपारी कुणी पाहुणा आला, की तो आवाज खाली आणून विचारायचा, "इथं कुणाचं काही झालंय का?" कुणाचं काही झालेलं नसायचं. पण बैठ्या घरांच्या त्या गल्ल्या भर दुपारी इतक्या चिडीचूप असायच्या, की नव्या माणसाच्या मनात हटकून तेच यायचं. भांडं वाजायचं नाही, रेडिओ लागायचा नाही. पोरं भांडायची तीसुद्धा डोळे वटारून आणि एकमेकांना चिमटे काढून. आणि या सगळ्या शांततेचा कारभार मुक्ताबाई नावाच्या एका बाईच्या हातात होता.

वसाहतीतले पुरुष तुर्भ्याच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात हमाली करायचे. मालाच्या गाड्या रात्रीच येऊन लागत. अंधारात घर सोडायचं, ट्रकपासून गाळ्यापर्यंत फळी टाकायची आणि पाठीवर पोती घेऊन त्या फळीवरून ये-जा करायची. ऊन डोक्यावर आलं की घरी यायचं, भाकरी खायची आणि आडवं व्हायचं. मुक्ताबाईचे मालक हौसेराव हे एका टोळीचे मुकादम. साताऱ्याकडचे, अंगानं दांडगे आणि बोलायला अगदी कंजूष. जेवताना ते "हं" म्हणाले तर भाजी आवडली आणि काहीच म्हणाले नाहीत तरी भाजी आवडली, असं मुक्ताबाई धरून चालायची.

इथं राहायला येऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट. शेजारचा धनाजी पोत्यासकट फळीवरून खाली आला आणि त्याचा पाय मोडला. त्याची बायको शकुबाई दवाखान्यात रडत बसली होती. मुक्ताबाईनं तिला जवळ घेतलं, आणि पाठीवरून हात फिरवता फिरवताच तिच्या मनानं घेतलं, की हे अपुऱ्या झोपेमुळं झालं. आदल्या दुपारी गल्लीत बारसं होतं, बायकांनी पाळणे म्हटले होते, पोरांनी धुडगूस घातला होता. त्या गोंधळात धनाजीला झोप मिळाली नसणार. खरंच मिळाली नव्हती का, हे धनाजीला कुणी विचारलं नाही. दुखणाईत माणसाला असलं कोण विचारतं?

त्या दिवसापासून मुक्ताबाई दुपारची ओट्यावर पहाऱ्याला बसू लागली. कल्हईवाला आला की लांबूनच हात हलवून त्याला परत पाठवायची. नळावर कळशी आपटली तर जाऊन सांगायची, "बाई, आत माणसं झोपल्यात. जीव सांभाळायचा हाय त्यांचा." शकुबाई तिची पहिली चेली. वर्षभरात सगळ्या वसाहतीनं हा नेम अंगवळणी पाडून घेतला. संक्रांतीचं हळदीकुंकू कुजबुजत व्हायचं. डोहाळजेवणात बायका ओवाळायच्या, पण गाणं म्हणायच्या नाहीत. संध्याकाळी माणसं उठल्यावरसुद्धा आवाज चढेना, कारण एकदा खाली बसलेला आवाज घड्याळ बघून वर येत नाही.

मुक्ताबाईची एकुलती एक लेक ज्ञानेश्वरी तेव्हा लहान होती आणि भारी खिदळायची. एवढंसं काही झालं की पोट धरून हसत सुटायची. मुक्ताबाई हातातलं टाकून धावायची आणि तिच्या तोंडावर हात ठेवायची. पुढं पुढं हात ठेवायची गरज पडेनाशी झाली. पोर शहाणी झाली, असं सगळे म्हणायचे, आणि मुक्ताबाईलाही तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं होतं.

ज्ञानेश्वरीचं लग्न झालं ते जासईला. जावई तिथल्या कंटेनर यार्डात कामाला, घर चांगलं, सासू समजूतदार. शिवाय लेक हाकेच्या अंतरावर. एक बस बदलली की माहेर. पण पंचमी आली आणि लेक आईच्या घरावरून पुढं निघून गेली, ती थेट सातारच्या गावी चुलतीकडं. परत जाताना वाटेत एक रात्र राहिली. मुक्ताबाईनं विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरी विचारलं.

"आई, राग मानू नको," ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि हेही ती हळूच म्हणाली, कारण आत हौसेराव झोपले होते. "पंचमीला माहेरी कशाला जातात? फेर धरायला, गाणी म्हणायला, जरा मोकळं हसायला. तुझ्या घरात मला हसता येत नाही. सासरी मी जास्त हसते."

लेकीनं एवढं बोलून चहा घेतला आणि ती निघून गेली. मुक्ताबाईला ते वाक्य वर्षभर पुरलं. भाकरी थापताना, पाणी भरताना, ओट्यावर पहारा करताना तेच. लेकीला सासरी हसायला येतं आणि आईकडं येत नाही, यापरीस बाईला दुसरं काय ऐकायचं राहतं? तिला फार वाईट वाटत होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात वसाहतीत सभा भरली. घरांच्या शेवटच्या रांगेमागं एक मोठा प्लॉट कधीचा रिकामा पडला होता. आराखड्यात तो करमणुकीसाठी राखून ठेवलेला होता, पण करमणूक कसली करायची ते ठरलेलं नव्हतं. रहिवाशांना काय हवं ते विचारायला नगररचनेच्या ऑफिसातून एक साहेब आले. सोसायटीच्या ऑफिसापुढं खुर्च्या मांडल्या, कर्णा लावला. पुरुष पुढं, बायका मागं सतरंजीवर. पहिल्या रांगेत, बरोबर कर्ण्याखाली, मुकादम म्हणून हौसेरावांना मानाची खुर्ची मिळाली होती.

सोसायटीचे चेअरमन श्यामसुंदर हे वाशीच्या एका बँकेत कारकून. त्यांनी बागेचा सगळा नकाशा मनात काढून आणला होता. मधे हिरवळ, हिरवळीत कारंजं, भोवती तारेचं कुंपण आणि कुंपणावर 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी. "एकदम वाशीसारखी बाग," ते म्हणाले. "लोकांनी यायचं, बाकावर बसायचं, शांतपणे बघायचं. टेन्शन नाही." तरण्या पोरांना क्रिकेटचं पीच हवं होतं. म्हाताऱ्यांना तालीम हवी होती, तांबड्या मातीची, तेल-ताक ओतून मळलेली. कुणी एकानं देवळाचं काढलं तेव्हा साहेब म्हणाले, की त्याची सभा वेगळी. त्यावरून जो वाद पेटला तो कर्ण्यातून पार सानपाड्यापर्यंत ऐकू गेला असेल. सगळ्यांचं सगळं म्हणून झाल्यावर साहेबांनी उपचार म्हणून विचारलं, "आणि भगिनींचं काय म्हणणं आहे?"

भगिनींचं कधीच काही म्हणणं नसतं, या विश्वासानं साहेबांनी कागद आवरायलाही घेतले होते. तेवढ्यात मुक्ताबाई उठली आणि काहीतरी बोलली. पुढच्या कुणालाच ते ऐकू आलं नाही.

"बाई, जरा मोठ्यानं बोला," साहेब म्हणाले.

"त्येच म्हणतीय, साहेब. आमाला मोठ्यानं बोलायला जागा पायजे."

सभा हसली. मुक्ताबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, पण ती खाली बसली नाही. "हसू नका. घरं दोन खोल्यांची, आत पुरुष माणूस झोपल्याला. आमी मोठ्यानं बोलावं कुठं? तुमची बाग नको, बाकडी नकोत. मोकळी जमीन ठेवा. पंचमीला बायकांनी फेर धरावा, पोरींनी फुगड्या घालाव्यात, गळा काढून गाणी म्हणावीत. माझी लेक येत न्हाई माझ्याकडं. म्हणती, तुझ्या घरात हसायला बंदी." शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं, ते तोंडातून निघून गेलं.

आता कुणी हसलं नाही. पण सतरंजीवरून शकुबाई रागारागानं उठली.

"मुक्ताक्का, हे तू बोलावंस? आमाला सगळ्यास्नी गप तूच केलंस. प्लाट काय लांब हाय? आमच्या घराच्या पाठीला लागून हाय. तुमी गाणी म्हणणार आन् आमच्यातली माणसं जागणार. माझ्या माणसाचा पाय मोडला ते ईसरलीस व्हय?" मग तिनं पुढच्या रांगेकडं बोट केलं. "त्या मुकादमांकडं बघा की. बसल्या जागी डोळा लागलाय. किती दमत असत्याल."

सगळ्यांनी बघितलं. वर कर्णा घरघरत होता, भोवती अख्खी सभा तावातावानं भांडून नुकतीच थांबली होती, आणि हौसेराव मान छातीवर टाकून गाढ झोपले होते. पुरुष मंडळी एकदम गंभीर झाली. आपल्या झोपेला एवढा मान आहे हे त्यांना आजच कळत होतं आणि तो मान सोडून द्यायला कुणी तयार नव्हतं. दोघातिघांनी तर लगेच जांभया दिल्या. आपण हे काय मागून बसलो, असं मुक्ताबाईला झालं.

साहेब मात्र डोक्यानं थंड होते. ते म्हणाले, "कुंपण आणि बाकीचं काम पावसाळ्यानंतरच निघेल. तोवर पंचमी येते. तुम्ही बायकांनी त्या दुपारी प्लॉटवर काय ते करून बघा. कुणाची झोपमोड झाल्याची तक्रार आली तर श्यामसुंदर म्हणतात तशी बाग करू. नाही आली तर जमीन मोकळी ठेवू." यावर हात वर झाले आणि सभा संपली. हौसेराव चहाच्या वेळेला जागे झाले आणि काय ठरलं म्हणून विचारू लागले. "ठरलं कायतरी," मुक्ताबाई म्हणाली.

शकुबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं. मुक्ताबाईनं नाक्यावरच्या फोनवरून जासईला निरोप ठेवला, "पंचमीला ये. यंदा हसायची सोय केली हाय." मग तिला रात्रंदिवस घोर लागला. एकाही घरातून माणूस डोळे चोळत बाहेर आलं, तर जागा गेली, आणि जागेबरोबर लेकही गेली. आणि समजा कुणी आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी फळीवरून कुणी घसरलं तर? ते पाप कुणाच्या माथी बसेल?

पंचमीला ज्ञानेश्वरी आली. तिनं हातभर बांगड्या भरल्या होत्या, पण चेहऱ्यावर फार आशा नव्हती. पंचमीला तवा चढवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडली होती. हौसेराव बाजारातून आले, दिंडं खाल्ली, "हं" म्हणाले आणि आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपले. मायलेकी पावलं न वाजवता मागच्या दारानं बाहेर पडल्या.

प्लॉटवर बायका जमल्या होत्या. नवी लुगडी, गजरे, हातांवर मेंदी. पाऊस उघडला होता. त्यांनी हातात हात धरून फेर धरला आणि गाणं सुरू केलं, आणि काय सांगावं, ते गाणं फेराच्या बाहेर ऐकू जाईना. ओठ हलत होते, पावलं पडत होती, कंबरा वाकत होत्या, पण आवाज म्हणून नव्हता. इतक्या वर्षांच्या सवयीनं गळे धरले होते. शकुबाई आपल्या मागच्या दारात हाताची घडी घालून हे बघत उभी होती. ज्ञानेश्वरीनं आईकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारी येऊन उभी राहिली. ही खाडीकाठच्या जुन्या गावातली सुमित्राबाई. वसाहत व्हायच्या आधी इथं तिची भातशेती होती. आता तिच्या मुलानं चाळ बांधून भाडेकरू ठेवले होते, पण म्हातारी रोज एकदा या बाजूला फेरी मारून जायची.

"काय गो बायांनू, कोनी मेला हाय काय?" तिनं विचारलं. "सनाची गानी अशी म्हनतात? या जागंवर आमी भाताची आवनी करताना गानी म्हनायचो, ती खाडीपलीकडं ऐकाला जायाची."

"आत माणसं झोपल्यात, मावशी," मुक्ताबाई कुजबुजली.

"झोपंनात. आमचं पन झोपायचं," म्हातारी म्हणाली. तिनं पदर खोचला, फेरात शिरली आणि आपल्या बोलीतलं एक गाणं असं उंच उचललं, की तारेवरचे कावळे उडाले. पहिल्यांदा एकदोन बायका दचकल्या. मग एकीनं जोरात सूर ओढला, मग दुसरीनं. मुक्ताबाईनं तोंड उघडलं तेव्हा तिच्या घशातून नुसता खरखरीत सूर आला. दुसऱ्या कडव्याला तो सुटला. पुढं कोण कुणाचं गाणं म्हणतंय ते कळेनासं झालं. फुगड्या झाल्या, झिम्मा झाला, एक जाडजूड बाई चिखलात बदकन पडली. आणि ज्ञानेश्वरी हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, लहानपणी हसायची तशी. मुक्ताबाई फेर सोडून तिच्याकडं बघत राहिली. हात उचलून त्या तोंडावर ठेवायचं तिच्या मनातही आलं नाही.

पण डोळ्यांचा एक कोपरा घरांच्या दारांवर होता. एकही दार उघडलं नाही. शकुबाईसुद्धा वळून वळून आपल्या घरात बघत होती आणि हळूहळू तिच्या हातांची घडी सुटत चालली होती.

ऊन कललं तशी मुक्ताबाई घरी आली आणि चहाचं आधण ठेवलं. मागोमाग शकुबाई आली आणि उंबऱ्यातच थांबली. ती आली हेच खूप होतं. हौसेराव उठले, पडवीत येऊन बसले आणि रिकामा कप पुढं केला.

"झोप झाली का?" मुक्ताबाईनं भीत भीत विचारलं.

"झाली की. का?"

"आवाज न्हाई आला?"

"कशाचा आवाज?"

दोघी बायका एकमेकींकडं बघू लागल्या. "अहो, आमी घराच्या मागं एवढा दंगा घातला. गाणी म्हणली. फुगड्या घातल्या."

"असंल," हौसेराव म्हणाले. "बाजारात मधी टाइम भेटला तर आमी पोत्यावर झोपतो. उशाला ट्रक हॉर्न मारत असत्यात. तिथं कोण उठत न्हाई, गाण्यानं काय उठतंय?"

"आन् आमच्यातलं?" शकुबाईनं उंबऱ्यातूनच विचारलं. "झोप न्हाई झाली म्हणून पडलं न्हवं ते?"

"कोण, धनाजी? फळी ओली व्हती. कुजका कांदा सांडला व्हता तिच्यावर. झोपंचं कुणी काढलं?"

शकुबाई उंबऱ्यावरच बसली. मुक्ताबाईनं हातातली गाळणी खाली ठेवली. आधी तिला हसू आलं, मग मस्तकात तिडीक गेली. "आन् हे तुमी आमाला इतकी वर्सं सांगितलं न्हाई? आमी श्वास धरून जगलो तुमच्या झोपंपायी. पोरीच्या तोंडावर हात दाबला मी."

हौसेरावांनी कप खाली ठेवला. त्यांना खरोखरच काही माहीत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते म्हणाले, "माझ्या झोपंपायी व्हय? मला वाटायचं, तू रुसलीयास. गावाकडं तू केवढं बोलायचीस. हितं आणलं आन् तुझं तोंडच मिटलं. म्हणलं, गाव सोडायला लावलं त्याचा राग आसंल. म्हणून मग मी बी जास्ती बोलायचो न्हाई."

तो माणूस बोलायला कंजूष आहे असं समजून मुक्ताबाईनं संसार केला होता, आणि तो बिचारा तिच्या रुसव्याचा मान राखत गप बसला होता. एकानं दुसऱ्याच्या झोपेसाठी आणि दुसऱ्यानं पहिल्याच्या रागासाठी, असं दोघांनी मिळून ते घर मुकं केलं होतं. तिला त्याची दया आली, स्वतःची आली, पण सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते लेकीचं.

चहाला उकळी फुटली. ज्ञानेश्वरी अजून प्लॉटवरच होती, त्या पलीकडच्या टोकाला, सुमित्राबाईशी बोलत. एरवी मुक्ताबाई चप्पल घालून तिथवर गेली असती आणि लेकीच्या दंडाला हात लावून तिला घेऊन आली असती. लहानपणी खेळातून तिला असंच आणावं लागायचं. लेकीचं जे नाव तिनं एवढ्या हौसेनं ठेवलं होतं, ते उघड्या हवेत एकदाही मोठ्यानं उच्चारलेलं नव्हतं.

ती मागच्या दारात उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला.

"ज्ञानेश्वरीऽऽ"

हाक घरांवरून, प्लॉटवरून पार गेली. फेरातल्या बायका थांबल्या. दोनचार दारं उघडली आणि एव्हाना झोप पुरी करून उठलेली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली. ज्ञानेश्वरी वळली. आपलं नाव कोण घेतंय हे तिला क्षणभर कळलंच नाही. मग तिनं सुमित्राबाईचा हात सोडला, साडी घोट्यावर उचलली आणि चिखल उडवत घराकडं पळत सुटली, आणि पळता पळता, सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "आले गं आई."